कोल्हापुरात शाळेत स्पीच थेरपिस्ट किंवा ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करायचंय? कुठली कागदं, कुठल्या क्रमानं

शाळेत स्पीच थेरपिस्ट म्हणून लागायला बी.एड. लागतं का, टीईटी द्यावी लागते का, आणि "शाळेचं वेगळं लायसन" कुठं काढायचं, हे तीन प्रश्न मला सारखे येतात, कधी बारावी झालेल्या मुलामुलींकडून, कधी त्यांच्या आईवडिलांकडून, आणि आता आता तर मुख्याध्यापकांकडूनही. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. मी इथं शाळांतून थेरपी करते त्यामुळं उदाहरणं सगळी कोल्हापूरचीच येतील पण नियम सांगली-साताऱ्याला पण तेच लागू आहेत.

तिन्ही प्रश्नांचं उत्तर आधी देते. आपल्याकडं शाळेसाठी म्हणून वेगळं लायसन असा प्रकार नाही. अमेरिकेत असतो, आणि गूगलवर शोधलं की पहिल्यांदा तिकडचीच माहिती वर येते म्हणून लोकांचा घोळ होतो. आपल्याकडं लायसन एकच, आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन. दवाखाना असो, मूकबधिर शाळा असो, सीबीएसई शाळा असो, नंबर तोच चालतो. त्याच्यावर जी काय जास्तीची कागदं लागतात ती तुम्ही कुठल्या प्रकारच्या शाळेत जाताय त्याच्यावर ठरतात, आणि खरी मेहनत तिथं आहे. बी.एड. आणि टीईटी शिक्षकाच्या पोस्टला लागतात, थेरपिस्टच्या नाही.

आधी कोण कोण असतं ते समजून घ्या

शाळेत सगळ्यांनाच "स्पीचच्या मॅडम" म्हणतात, पण कागदावर हे सगळे वेगळे आहेत. ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याचं बघतो, म्हणजे तपासणी, ऑडिओग्राम, कानाचं मशीन बसवणं, त्याचं प्रोग्रॅमिंग. स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, आपल्या भाषेत स्पीच थेरपिस्ट, उच्चार, भाषा, तोतरेपणा, अडखळत बोलणं, आवाज हे बघतो. भारतात बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, ही एकच डिग्री दोन्हीची आहे त्यामुळं बॅचलरवर एकच माणूस दोन्ही कामं करू शकतो, पुढं एम.एस्सी.ला मात्र ऑडिओलॉजी वेगळी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी वेगळी असे दोन रस्ते फुटतात.

मग येतो विशेष शिक्षक, ज्याला स्पेशल एज्युकेटर म्हणतात. त्याचं शिक्षण डी.एड. किंवा बी.एड. स्पेशल एज्युकेशन, त्याचं पण रजिस्ट्रेशन आरसीआयकडंच असतं म्हणून गल्लत होते. शाळेला सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीतला नंबर, दाखवला की शाळा खूश, पण तो नंबर कुठल्या कॅटेगरीचा आहे ते कोण बघत नाही. विशेष शिक्षकानं स्पीच थेरपिस्ट म्हणून पाटी लावणं चूक आणि बीएएसएलपीवाल्यानं विशेष शिक्षकाच्या पोस्टला अर्ज करणं पण फुकट, छाननीतच उडतो.

चौथा म्हणजे डीएचएलएस केलेला. हा बारावी सायन्सनंतरचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, हिअरिंग लँग्वेज अँड स्पीचचा. ही मंडळी सहाय्यक म्हणून काम करतात, तज्ञाच्या देखरेखीखाली तपासणी करतात, ठरवून दिलेली थेरपी घेतात. स्वतंत्रपणे निदान करून रिपोर्टवर सही करणं हे त्यांचं काम नाही. ह्यात कमीपणा काही नाही, मूकबधिर शाळांतून ह्या लोकांनी फार काम केलंय, पण शाळेनं त्यांना ऑडिओलॉजिस्ट म्हणून दाखवलं की अडचण होते आणि ती अडचण शेवटी त्या पोराच्या सर्टिफिकेटच्या वेळी निघते.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओ हे आरसीआयमध्ये येतच नाहीत, त्यांची राज्याची कौन्सिल वेगळी. खाजगी सेंटरमध्ये एकाच खोलीत सगळं चालतं म्हणून पालकांना हे सगळं एकच वाटतं.

शिक्षण: बारावीपासून मोजा

बीएएसएलपी चार वर्षांची, त्यात तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रातली बरीच कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली येतात आणि तिथला प्रवेश नीटच्या मार्कांवर राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतो. हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. एमबीबीएस मिळालं नाही म्हणून पोरगं घरी बसतं आणि त्याच नीटच्या मार्कांवर बीएएसएलपी मिळालं असतं, पण प्रेफरन्समध्ये कोणी टिकच केलं नाही. नीट द्यायला बायोलॉजी लागतंच, मॅथ्स ग्रुपवाल्यांचा हा रस्ता बंद. पण मैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग स्वतःची प्रवेश परीक्षा घेते आणि फिजिक्स केमिस्ट्रीबरोबर बायोलॉजीच पाहिजे असं आरसीआयच्या अभ्यासक्रमात नाही, मॅथ्सही चालतं, त्यामुळं पीसीएमवाल्यांनी तिकडची जाहिरात बघून ठेवावी.

कोल्हापूरहून जायला मुंबई-पुण्याची सवय सगळ्यांना. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासूनची, केंद्र सरकारची. नायर हॉस्पिटलचा स्पीच अँड हिअरिंगचा कोर्स तर देशातल्या अगदी सुरुवातीच्या कोर्सपैकी. पुण्यात भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी मुंबई, त्यामुळं आईबापांना ते बरं वाटतं. माझं मत विचाराल तर अंतर सोडा, ओपीडी बघा. ज्या कॉलेजच्या दवाखान्यात लहान मुलं भरपूर येतात तिथं शिका, कारण शाळेत काम करायचंय म्हटल्यावर पॅरालिसिसच्या पेशंटपेक्षा अडीच-तीन वर्षाचं न बोलणारं पोर जास्त वेळा हाताखालून गेलेलं पाहिजे.

प्रवेश घ्यायच्या आधी एक गोष्ट कराच. आरसीआयच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, त्यात ते कॉलेज, तो कोर्स, आणि त्या शैक्षणिक वर्षाची मान्यता, तिन्ही तपासा. मान्यता ठराविक काळासाठी आणि ठराविक सीटसाठी असते. विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि आरसीआयची वेगळी, नुसत्या विद्यापीठाच्या डिग्रीवर रजिस्ट्रेशन मिळत नाही. "ऑनलाइन स्पीच थेरपी डिप्लोमा, सहा महिन्यात सर्टिफिकेट" अशा जाहिराती हल्ली इन्स्टावर लै फिरतात. शिकायला घ्या हवं तर, पण त्याच्यावर प्रॅक्टिस करता येत नाही म्हणजे नाही.

इंटर्नशिपमध्येच शाळेची तयारी

बहुतेकांची इंटर्नशिप हॉस्पिटलमध्ये जाते आणि संपते. कॉलेजला विचारून शाळेची पोस्टिंग मागून घ्या, मूकबधिर शाळा असेल तर सोन्याहून पिवळं. तिथं तुम्हाला कळतं की साउंडप्रूफ खोली नसते, बाजूला पोषण आहाराची भांडी वाजत असतात, बत्तीस पोरांच्या वर्गात एक मशीनवालं पोर शेवटच्या बाकावर बसलेलं असतं आणि त्याच्या मशीनचा सेल संपून आठवडा झालेला असतो. हे पुस्तकात नाही.

केलेल्या कामाचे तास, केसेसचा प्रकार, वय, कोणाच्या देखरेखीखाली, हे सगळं लॉगबुकमध्ये सही शिक्क्यासकट ठेवा आणि लॉगबुकची स्कॅन कॉपी काढा. आता त्याची किंमत वाटणार नाही पण पुढं परदेशात अर्ज करायचा झाला तर तिकडं क्लिनिकल तासांचा हिशेब मागतात, आणि दहा वर्षांनी कॉलेजकडून तो काढणं म्हणजे हेलपाटेच.

आरसीआय रजिस्ट्रेशन

हा मुख्य टप्पा. 1992 चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे, त्याखाली केंद्रीय पुनर्वास नोंदवही म्हणजे सीआरआर ठेवली जाते. ह्या नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून प्रॅक्टिस करणं हा गुन्हा आहे, कलम 13 मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. हजार रुपये ऐकून लोक हसतात. हसू नका, कैद पण लिहिलीय, आणि शाळेत काही वाद झाला की पालकांचा वकील पहिल्यांदा हाच कागद मागतो.

अर्ज ऑनलाइन आहे. लागतात ती कागदं साधारण अशी: जन्मतारखेसाठी दहावीचं सर्टिफिकेट, बारावीची मार्कशीट, बीएएसएलपीच्या सगळ्या वर्षांच्या किंवा सेमिस्टरच्या मार्कशीट, डिग्री किंवा प्रोव्हिजनल, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, आधार, फोटो, सही. आणि फी भरायची ऑनलाइन.

अर्ज अडकतो तो दोनच कारणांनी. पहिलं नावाचं. आपल्याकडं बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. विद्यापीठाच्या मार्कशीटवर आईचं नाव पण येतं. त्यात मुलीचं लग्न इंटर्नशिपमध्ये झालं की आधारवर नवीन आडनाव आणि डिग्रीवर जुनं. अर्ज दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव आहे त्यानुसारच करा, आधार तसं करून घ्या, आणि नाव बदलायचंच असेल तर आधी राजपत्रात प्रसिद्ध करून मग सगळीकडं बदला, मधेच एका ठिकाणी बदललं की पुढची पाच वर्षं अॅफिडेव्हिट करत बसायचं. दुसरं कारण म्हणजे स्कॅन. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो अपलोड करू नका, झेरॉक्सवाल्याकडून नीट पीडीएफ करून घ्या.

सर्टिफिकेट आलं की त्यावर तीन गोष्टी बघा: सीआरआर नंबर, कॅटेगरी आणि वैधतेची तारीख. कॅटेगरी चुकली असेल तर लगेच दुरुस्तीला टाका. पुढं एम.एस्सी. केलीत तर ती जास्तीची पात्रता म्हणून त्याच नोंदीत चढवून घ्यायची, आपोआप चढत नाही.

इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनची मेंबरशिप ही वेगळी गोष्ट, ती संघटना आहे. घ्या, कॉन्फरन्सला फायदा होतो, पण ते लायसन नव्हे.

आता कुठल्या शाळेत?

*अनुदानित विशेष शाळा.* मूकबधिर विद्यालयं, मतिमंद मुलांच्या शाळा. ह्या शिक्षण खात्याखाली येत नाहीत, दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात. हा विभाग डिसेंबर 2022 मध्ये सामाजिक न्याय विभागातून वेगळा झाला, आयुक्तालय पुण्यात, आणि जिल्ह्याला रोजचं काम जिल्हा परिषदेच्या पातळीवरून चालतं. इथं तुमच्या डिग्रीपेक्षा पोस्टची कुंडली महत्त्वाची. जाहिरात बघून उड्या मारायच्या आधी संस्थेला सरळ विचारा: पद मंजूर आहे का, बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची ते दाखवणारी नोंद) तपासून झालीय का, भरतीला परवानगी आहे का, आणि माझी वैयक्तिक मान्यता कधी मिळेल. वैयक्तिक मान्यता आली नाही तर तुम्ही नोकरीला आहात पण सरकारच्या लेखी नाही, पगार संस्था देईल तेवढा. आरक्षित जागा असेल तर जातवैधता आधीच काढून ठेवा, ती आयत्या वेळी निघत नाही. आणि "पद भरायला थोडं डोनेशन" असं कोणी म्हणालं तर हात जोडून बाहेर पडा, हे मी मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगतेय.

*जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा.* इथं समग्र शिक्षा अभियानातून समावेशित शिक्षण चालतं, ही योजना 2018-19 पासूनची. गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक, विशेष तज्ञ असतात आणि ते तालुक्यातल्या शाळांना फिरतात. सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर 2021 चा निकाल आहे की सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षक पाहिजेत, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागं एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागं एक. पण नीट वाचा, तो विशेष शिक्षकांबद्दल आहे, स्पीच थेरपिस्टबद्दल नाही. बीएएसएलपीवाल्यांना ह्या व्यवस्थेत काम मिळतं ते तपासणी शिबिरांना, साहित्य वाटपाच्या वेळी, किंवा थेरपीसाठी बोलावतात तेव्हा. कायमची पोस्ट म्हणून ह्याच्यावर विसंबू नका.

*आरोग्य खात्याकडून शाळेत.* हा रस्ता मला सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला आणि सगळ्यात चांगला वाटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 ला सुरू झाला, त्याची पथकं अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांना एकदा जातात, आणि संशयित मुलं जिल्हा पातळीवरच्या लवकर निदान आणि उपचार केंद्राकडं पाठवली जातात. त्या केंद्राच्या मनुष्यबळात ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टची जागा धरलेलीच आहे. शिवाय 2007 पासूनचा बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. दोन्ही भरती राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, करार पद्धतीनं, बहुतेक अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. जाहिरातीत बीएएसएलपी आणि वैध आरसीआय नोंदणी मागतात. मुदत संपलेलं सर्टिफिकेट जोडलं तर अपात्र, मग रिन्यूअलची पावती दाखवून भांडत बसायचं. राधानगरी, चंदगड, शाहूवाडीची पोरं खऱ्या अर्थानं तुमच्यापर्यंत येतात ती ह्याच साखळीतून.

*खाजगी इंग्लिश मीडियम शाळा.* सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमात विशेष शिक्षक आणि समुपदेशक मागितलेत, स्पीच थेरपिस्ट नाही. त्यामुळं शाळा तुम्हाला आठवड्यातून एक-दोन दिवस कन्सल्टंट म्हणून घेते. चालतंय की, पण तोंडी ठरवू नका. लेखी करारात किती तास, एका मुलाला किती वेळ, फी शाळा देणार की पालक, रिपोर्ट कोणाकडं राहणार आणि सुट्टीत काय, एवढं पाहिजे. टीडीएस कापला तर फॉर्म सोळा-ए मागून घ्या. आणि काही शाळा गुळगुळीत बोलून तुमचं नाव "विशेष शिक्षक" म्हणून तपासणीच्या कागदावर टाकतात, ते चालू देऊ नका, उद्या तपासणीत खोटी माहिती दिल्याचा ठपका तुमच्या सीआरआर नंबरवर येतो.

रुजू व्हायच्या दिवशीची फाइल

सीआरआर सर्टिफिकेट, डिग्री, मार्कशीट, अनुभवाचे दाखले हे तर आलंच. ह्याशिवाय पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरचं प्रकरण झाल्यावर राज्यात शाळांतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पडताळणीवर फार जोर आलाय, कंत्राटी आणि बाहेरून येणारे पण त्यात आले. अर्ज ऑनलाइन करता येतो, तुमच्या राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडून तपासणी होते. म्हणजे तुम्ही राजारामपुरीत भाड्यानं राहता आणि आधारवर पत्ता आजऱ्याचा असेल तर भाडेकरार आधी नोंदवा.

थेरपी एकास एक असते, दार बंद खोलीत. हा मुद्दा मी कधीच सोडत नाही. खोलीला काचेचं दार किंवा उघडं दार पाहिजे, वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीचं पाहिजे. 2012 चा पोक्सो कायदा वाचून ठेवा, विशेषतः कलम 19, कारण आपल्याकडं येणारी मुलं स्वतःहून सांगू शकत नाहीत आणि कधी कधी थेरपीत खेळता खेळता त्यांच्याकडून काहीतरी कळतं. कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची अब्रू वगैरे बघत बसलात तर कलम 21 खाली तुम्हीच आरोपी.

पालकांची लेखी संमती प्रत्येक मुलासाठी वेगळी, मराठीत, समजेल अशा भाषेत. व्हिडिओ काढणार असाल तर त्याची संमती वेगळी घ्या. थेरपीचे व्हिडिओ रील म्हणून टाकणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

सही कशावर करायची आणि कशावर नाही

ऑडिओग्राम, स्पीच-लँग्वेज असेसमेंट रिपोर्ट, थेरपीचा प्लॅन, प्रगतीचा अहवाल, शाळेसाठी शिफारसी (पुढच्या बाकावर बसवा, मुलाकडं पाठ फिरवून बोलू नका, वगैरे), ह्यावर तुमची सही, नाव, डिग्री आणि सीआरआर नंबर. नावाआधी "डॉ." लावायचं नाही, पीएच.डी. असेल तर गोष्ट वेगळी.

दिव्यांग प्रमाणपत्र मात्र तुम्ही देऊ शकत नाही. ते 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली अधिसूचित वैद्यकीय अधिकारी देतात, अर्ज यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा, आपल्याकडची मंडळी त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी हॉस्पिटलची वाट धरतात. त्या कायद्यात 21 प्रकार आहेत. ऐकण्याच्या बाबतीत दोन्ही कानांत 70 डेसिबल म्हणजे बहिरेपणा, 60 ते 70 म्हणजे कमी ऐकू येणं. वाचा आणि भाषा दिव्यांगत्व हा वेगळा प्रकार आहे पण त्याची व्याख्या अरुंद आहे, सेंद्रिय किंवा मेंदूच्या कारणानं आलेलं कायमस्वरूपी पाहिजे. म्हणून नुसतं तोतरं बोलणाऱ्या मुलाच्या पालकांना "सर्टिफिकेट मिळेल" असं आश्वासन देऊ नका. दहावीला जादा वेळ, लेखनिक ह्या सवलतींसाठी शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडं प्रस्ताव जातो, त्याला पण शासनमान्य प्रमाणपत्रच लागतं. तुमचा रिपोर्ट हा त्याच्या पाठीमागचा आधार, आणि तो जितका स्पष्ट तितकं काम सोपं.

ऑडिओलॉजिस्टना आणखी एक. शाळेत स्क्रीनिंग करायला पोर्टेबल ऑडिओमीटर नेता तेव्हा त्याचं वर्षाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बरोबर ठेवा, त्याशिवाय काढलेला आकडा कोण मानणार? खोली रस्त्याकडची घेऊ नका, पंखा बंद, मधली सुट्टी सोडून वेळ घ्या. स्क्रीनिंगला 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झ तपासतात, नापास झालेलं पोर दुसऱ्यांदा तपासा आणि मगच पुढं पाठवा. निम्म्या वेळा कानात मळ नाहीतर सर्दीनं साचलेलं पाणी निघतं, ते ईएनटीचं काम. आणि शाळेत तपासून तिथंच मशीन विकायचं नाही. कंपनीचा माणूस बरोबर घेऊन "मोफत शिबिर" करतात त्यात हेच होतं. गरजू मुलांना केंद्राच्या अॅडिप ह्या दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या योजनेतून मशीन मिळतं ते आधी पालकांना सांगा.

सर्टिफिकेटवर न लिहिलेली पात्रता: पोराची भाषा

जाहिरातीत फक्त "मराठीचे ज्ञान आवश्यक" असतं. पण गडहिंग्लज, शिरोळ भागात घरात कन्नड बोलणारी पोरं आहेत, इचलकरंजीत यंत्रमागावरच्या कामगारांची हिंदी बोलणारी, हंगामात ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या मजुरांची पोरं येतात त्यांची मराठी वेगळी. घरची भाषा न विचारता पुस्तकी मराठीतली टेस्ट लावली तर धडधाकट पोराला भाषेचा दोष लिहून मोकळे व्हाल. आपल्या गावाकडं "पानी", "लोनी", "कोन" असंच बोलतात, ण नाही म्हणून ते पोर थेरपीला पाठवायचं नसतं, ती त्याची बोली आहे. तेच पोर चार वर्षं उलटल्यावरही "काका"ला "ताता" म्हणत असेल तर मात्र बघायला पाहिजे. मुंबईहून शिकून आलेल्यांना हे इथं येऊन शिकावं लागतं, आणि आजीला शेजारी बसवून घेतलं की पटकन शिकता येतं. रिपोर्टमध्ये तपासणी कुठल्या भाषेत केली ते स्पष्ट लिहा.

अमेरिकेचं काय?

विचारणारे बरेच असतात म्हणून थोडक्यात. तिकडं तीन वेगवेगळी कागदं आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक, अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन (आशा) ह्या तिकडच्या संघटनेचं सीसीसी नावाचं व्यावसायिक पात्रतेचं प्रमाणपत्र. स्पीचला मास्टर्स डिग्री, 400 क्लिनिकल तास (त्यातले 25 निरीक्षणाचे), प्रॅक्सिस परीक्षेत 162 मार्क आणि मग किमान 36 आठवडे, 1260 तासांची देखरेखीखालची क्लिनिकल फेलोशिप. ऑडिओलॉजीला तर 2012 पासून डॉक्टरेट पातळीचीच डिग्री लागते. दोन, त्या राज्याचं लायसन. तीन, शाळेचं, जे राज्याच्या शिक्षण खात्याकडून किंवा शिक्षक परवाना देणाऱ्या मंडळाकडून येतं. कॅलिफोर्नियात त्याचं नाव वेगळं, न्यूयॉर्कमध्ये भाषा-वाचा दिव्यांग विद्यार्थ्यांचा शिक्षक म्हणून सर्टिफिकेट. कुठल्या राज्यात तिन्ही लागतात, कुठं दोनवर भागतं. 2004 मध्ये तिकडचा विशेष शिक्षणाचा कायदा बदलला तेव्हापासून शाळेतल्या थेरपिस्टची पात्रता किती कडक ठेवायची हे राज्यांवर सोडलंय, त्यामुळं राज्य ठरवल्याशिवाय कागद जमवायला लागू नका. आपल्या नुसत्या बीएएसएलपीवर तिकडं जमत नाही, एम.एस्सी. आणि डिग्रीचं समकक्षता मूल्यांकन लागतं, आणि तिथंच ते इंटर्नशिपचं लॉगबुक उपयोगी येतं.

रिन्यूअल

सीआरआर दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि त्यासाठी सीआरई पॉइंट लागतात, म्हणजे आरसीआयनं मान्यता दिलेली वर्कशॉप, सेमिनार. कोल्हापुरात अशी वर्कशॉप कमी होतात, मुंबई-पुण्याला जावं लागतं किंवा ऑनलाइनची वाट बघायची, म्हणून शेवटच्या वर्षासाठी ठेवू नका, दरवर्षी थोडे थोडे करा. वर्कशॉपला नाव नोंदवण्याआधी आयोजकाला आरसीआयचं मान्यतापत्र मागा, किती पॉइंटची मान्यता आहे ते त्यातच असतं. सर्टिफिकेटवर तुमचा सीआरआर नंबर बरोबर छापलाय का ते तिथंच उभं राहून बघा.

मुख्याध्यापक वाचत असतील तर त्यांच्यासाठी: माणूस घेताना झेरॉक्सवर जाऊ नका, आरसीआयच्या वेबसाइटवर सीआरआर नंबर टाकून नाव, कॅटेगरी आणि मुदत स्वतः बघा, प्रिंट काढून फाइलला लावा आणि मुदत संपायच्या सहा महिने आधीची तारीख ऑफिसच्या क्लार्कला लिहून द्या.